वळवाच्या वाऱ्यात पाइपांसकट छप्पर उडालं (शेळगी, सोलापूर). परत बांधताना काय करावं?

शेळगीकर | रविवार, सकाळी ८.५०

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी जो वारा सुटला त्यात आमच्या मागच्या खोलीचं छप्पर गेलं. आई आणि लेकरं पुढच्या स्लॅबच्या खोलीत होती म्हणून निभावलं. आधी धुळीचा लोट आला, समोरचं घर दिसेनासं झालं, मग गारा, आणि मग एकच मोठा आवाज.

खोली बारा बाय वीस फूट. नऊ इंची वीटकाम, सिमेंटमधलं. वर पाच चौकोनी पाइप, त्यावर रंगीत पत्रा, एकपाखी उतार. सुटे पत्रे उडालेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत, पण हे वेगळं आहे. सगळं छप्पर एकसंध उचललं गेलं आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उलटं पडलंय. पत्रा पाइपला जसाच्या तसा आवळलेला आहे, स्क्रू एकही निघालेला नाही. पाइपांच्या टोकांना भिंतीच्या वरच्या थरातल्या विटा अजून चिकटून आहेत, सिमेंटसकट.

मेस्त्री सकाळी बघून गेले. म्हणाले, पत्रा पातळ होता, आता जाड घाला आणि स्क्रू डबल मारा. मला ते पटेना. स्क्रूंनी तर सोडलंच नाही, मग डबल मारून काय होणार?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, आज रात्री परत पाऊस आला तर काय करू? दोन, छप्पर पुन्हा घालताना नेमकं काय बदलू? तीन, सरकारी मदत मिळते का आणि त्यासाठी कुणाकडे जायचं? आई विड्या वळते. तिचा पाला आणि तंबाखू दोन्ही भिजलंय, ती त्याच काळजीत आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

निवृत्त_लाइनमन | रविवार, सकाळी ९.०५

बाळा, बाकी सगळं नंतर. आधी मेन स्विच बंद केलास का? मागच्या खोलीच्या वायरिंगमध्ये पाणी गेलंय हे धरूनच चाल. नुसती बटणं बंद करून भागत नाही, मेन बंद कर. त्या खोलीची लाइन वायरमनकडून वेगळी काढून घे आणि मगच पुढच्या घराची सुरू कर.

दुसरं म्हणजे, पडलेल्या पत्र्याला हात लावण्याआधी तो खांबावरून आलेल्या सर्व्हिस वायरवर किंवा तुटलेल्या तारेवर तर पडला नाही ना, ते लांबून बघ. पत्रा आणि पाइप दोन्ही लोखंड आहे. एका टोकाला तार चिकटली असेल तर वीस फुटांवरचं दुसरं टोक पकडणारा जागेवर जातो. शंका आली तर १९१२ ला फोन लाव, महावितरणचा माणूस येईपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस. लेकरांना तर मुळीच नको. वादळानंतरच्या सकाळी पोरं उत्साहात पत्रे गोळा करायला धावतात. मी नोकरीत असताना हे फार पाहिलंय.

---

विजापूर_वेस | रविवार, सकाळी ९.३०

दादा, काका म्हणतात तसं विजेचं आधी बघा. ते झालं की लगेच फोटो काढा, आवराआवर करायच्या आधी. लोक रविवारभर सगळं स्वच्छ करतात आणि सोमवारी तलाठी आले की दाखवायला काहीच उरत नाही.

फोटो असे काढा: भिंतीचा उघडा माथा, पडलेलं छप्पर, भिजलेलं सामान. एक फोटो असा घ्या ज्यात घराचा दर्शनी भाग आणि नुकसान एकत्र दिसेल, म्हणजे हे तुमचंच घर हे कळतं. मोबाइलमध्ये तारीख आणि लोकेशन चालू ठेवा.

मग तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्या. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच आहे. महापालिका हद्दीत राहता म्हणून तुमचा पंचनामा होणार नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, शहरातही महसूल खात्याकडूनच होतो. रविवारी कार्यालय बंद असेल तर १०७७ वर, म्हणजे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षात, नोंद करून ठेवा. अर्जासोबत आधार, बँक पासबुक आणि घरपट्टीची पावती किंवा मिळकत पत्रिकेची प्रत जोडा. गावाकडच्या मंडळींनी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडायचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, हे विसरू नका.

रकमेबद्दल आधीच सांगते, म्हणजे आशा लावून बसणार नाही. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले, त्यात सपाट भागातलं घर पूर्ण पडलं किंवा फार मोडलं तर १ लाख २० हजार रुपये आहेत. पण अंशतः पडझडीला, तीही किमान १५ टक्के असेल तर, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००, आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. अवकाळी पाऊस राज्याने आपल्या आपत्तींच्या यादीत घेतलेला आहे, त्यामुळे वळवाचं नुकसानही बसतं. पंचनाम्यात “छत उडाले” एवढंच लिहून थांबत असतील तर थांबू देऊ नका. भिंतीच्या वरच्या विटा निघाल्या, भिंतीला तडे गेले, तेही लिहायला सांगा. टक्केवारी त्यावरच ठरते. सही करण्याआधी पंचनामा वाचा. वाचून दाखवा म्हणायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

---

जुळे_सोलापूर_सिव्हिल | रविवार, सकाळी ११.१५

शेळगीकर, तुम्ही लिहिलेला तो विटांचा तपशील सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी स्ट्रक्चरचं काम करतो. तुमचा पत्रा पातळ नव्हता आणि स्क्रूही कमी नव्हते. छप्पर भिंतीला बांधलेलंच नव्हतं, एवढंच खरं.

आपल्याकडे पत्र्याचं घर बांधायची जी पद्धत पडली आहे ती अशी: भिंत उचलायची, माथ्यावर पाइप किंवा अँगल आडवे टाकायचे, त्यांच्या टोकांवर विटांचे दोन थर रचून पॅक करायचं. वजन खाली दाबतं एवढाच विचार त्यात आहे. पण वादळात छपरावरचा जोर खाली नसतो, वर असतो. वारा कमी उताराच्या पत्र्यावरून वेगाने जातो तेव्हा वरच्या बाजूला ओढ तयार होते. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचं दार-खिडकी उघडी असेल किंवा पत्रा आणि भिंत यांच्यात फट असेल, तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. दोन्ही मिळून छप्पर उचललं जातं.

आकडे ढोबळ देतो. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. तुमची खोली साधारण २२ चौरस मीटर आहे. ताशी ९० किलोमीटरच्या झोताला सगळ्या छपरावर मिळून साडेआठशे किलोच्या आसपास ओढ येते. ताशी ६० ला पावणेचारशे. ताशी ५० ला सुद्धा अडीचशेच्या वर. आणि तुमचं छप्पर, पत्रे आणि पाइप धरून, दोनशे किलोच्या आगेमागे असेल. म्हणजे हवामान खातं उन्हाळ्यात जो ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’ असा इशारा देतं, त्यातल्या वरच्या आकड्यालाच हे छप्पर तरंगायला लागतं. पुढचं सगळं त्या दोन थर विटांच्या भरवशावर. सिमेंटचा सांधा दाबाला चांगला असतो, ओढीला फारच कच्चा. म्हणून विटा पाइपला चिकटूनच गेल्या.

कडा आणि कोपऱ्यांवर ही ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. भिंतीबाहेर काढलेला पत्रा तर वाऱ्याला पकडायला आयताच मिळतो. तुमचा पत्रा भिंतीबाहेर किती होता?

जाड पत्रा घालून दर चौरस मीटरला किलो-दीड किलो वाढेल. ओढ किती आहे ते वर लिहिलंच आहे, तुलना तुम्हीच करा.

---

शेळगीकर | रविवार, दुपारी १२.४०

सर, मागच्या बाजूला अडीच फूट बाहेर होता. ऊन लागू नये म्हणून काढला होता. वारा तिकडूनच आला आणि त्या बाजूचं दार उघडंच होतं, आईने कपडे काढायला उघडलं होतं.

लाइनमन काका, वायरमन येऊन गेला, मागची लाइन तोडली. ताई, फोटो काढले आणि १०७७ वर नोंद केली.

---

माढ्याचा | रविवार, दुपारी १.२०

मी साठीच्या पुढचा माणूस, गाव माढा तालुक्यात. सिव्हिलवाल्या सरांनी लिहिलंय त्यामागची एक गोष्ट तरुणांना ठाऊक नसेल.

आमच्याकडे घरं माळवदाची होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर तुळया, कड्या, किलच्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, चिखल आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दर उन्हाळ्यात मृगाच्या आधी वर नवी माती पसरायची, पन्हाळं मोकळी करायची. आत बाहेरच्या उन्हाचा पत्ता लागत नसे. वाऱ्याची तर भीतीच नव्हती, एवढं वजन कोणता वारा उचलणार?

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबादकडची माणसं त्याच दगड-मातीखाली गाडली गेली. हादरा आम्हालाही बसला होता. त्यानंतर आमच्या गावात माळवदाखाली झोपायला माणूस घाबरू लागला. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने माती उतरवली आणि पत्रा घातला. जीव वाचावा म्हणूनच हलकं छप्पर घेतलं, ते बरोबरच होतं. पण जड छपराच्या काळातली सवय सुटली नाही. वर ठेवलं की बसतं, असंच मेस्त्री धरून चालले. माळवदाला बांधावं लागत नव्हतं. पत्र्याला लागतं. हे आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही.

---

फॅब्रिकेशन_अण्णा | रविवार, दुपारी ४.००

शेळगीकर, आज रात्रीचं आधी सांगतो, कायमच्या कामाचं मग.

रात्रीसाठी ताडपत्री घ्या, जाड, कडेला लोखंडी डोळे असलेली. मधे बांबू किंवा बल्ली थोडी उंच ठेवून उतार द्या, नाहीतर पाणी साठून झोळ पडतो आणि सगळं खाली येतं. दोरी खिडकीच्या ग्रीलला, झाडाला, जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधा. वर दगड-विटा ठेवू नका, हात जोडून सांगूलालो. कोरडं सामान पुढच्या खोलीत हलवा. आजची रात्र मागच्या खोलीत कुणी झोपू नका, भिंतीचा वरचा भाग ढिला झालाय.

आता काम. सर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. माझ्याकडे वादळानंतर जी कामं येतात त्यात निम्म्याहून जास्त छपरं अशीच पाइपांसकट गेलेली असतात.

ढिल्या विटा काढून घ्या, पक्का थर लागेपर्यंत. मग चारी भिंतींवर सलग आरसीसी पट्टी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची पट्टी, ओता, नऊ इंच रुंद, सहा इंच जाड. दहा एमएमच्या चार सळया, आठ एमएमच्या रिंगा. कोपऱ्यात सळई तोडू नका, वळवून पुढच्या भिंतीत न्या. पट्टी ओतायच्या आधी जिथे जिथे पाइप बसणार तिथे बारा एमएमचे आटे पाडलेले रॉड उभे करा. खालचं टोक वाकवून पट्टीच्या खालच्या सळईखाली अडकलं पाहिजे. नुसता रॉड काँक्रीटमध्ये खुपसून ठेवायचा नाही. वर सहा एमएमची प्लेट, त्यावर पाइप वेल्ड, दोन दोन नट. कोपऱ्यातल्या पाइपांना प्रत्येक टोकाला दोन रॉड द्या.

वेल्डिंग केलेल्या जागी रेड ऑक्साइड लावा, मग रंग. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून लोक टाळतात, पण गंज सांध्यातूनच सुरू होतो.

पत्र्याचे स्क्रू रबरी वॉशरवाले, पत्र्याच्या उंच भागावर मारा, खोलगट भागात नाही. वॉशर किंचित दबेल इतकंच आवळा, जास्त आवळलं की रबर फाटतं आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. कडेच्या पाइपवर प्रत्येक उंचवट्याला एक, मधे एकाआड एक चालेल. पत्रे घालायला सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करा, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. भिंतीबाहेर एक फुटापेक्षा जास्त काढू नका. सावली हवी असेल तर ओसरीचा पत्रा वेगळ्या पाइपांवर, वेगळा घाला. तो गेला तरी घरावरचा जाणार नाही. पत्रा आणि भिंत यांच्यातली फट विटांनी किंवा पट्टीने बंद करा.

जुना पत्रा लगेच भंगारात देऊ नका. सरळ आहेत ते वापरता येतील, जुनी भोकं नव्या पाइपांवर आली नाहीत तर ती नीट बुजवा. पाइप मात्र वाकला असेल तर परत घेऊ नका.

---

जुळे_सोलापूर_सिव्हिल | रविवार, दुपारी ४.३५

अण्णा, अगदी नेमकं लिहिलंत. एक भर घालतो. या पट्टीचं वजन दर मीटरला सुमारे ८५ किलो होतं. शेळगीकरांच्या खोलीचा घेर साडेएकोणीस मीटर आहे, म्हणजे नुसती पट्टीच सोळाशे किलोच्या वर. ताशी ९० च्या झोताची ओढ साडेआठशे आहे. छप्पर पट्टीला पक्कं बांधलं की उचलायला वाऱ्याला पट्टीसकट उचलावं लागेल. हे खर्चिक काम नाही, स्लॅबच्या तुलनेत फार थोडं सिमेंट-लोखंड लागतं.

---

देगाव_नाका | रविवार, संध्याकाळी ५.५०

एवढं सगळं करायची काय गरज? आमच्या गल्लीत सगळ्यांनी पत्र्यावर वाळूची पोती आणि मोठे दगड ठेवलेत. वर्षानुवर्षं काही झालं नाही.

---

फॅब्रिकेशन_अण्णा | रविवार, संध्याकाळी ६.१५

दादा, तुमच्यावर राग नाही, पण यावर मी गप्प बसणार नाही. पंधरा किलोचा दगड पत्र्यावर ठेवला की त्याच्या अवतीभवतीचा पत्रा तेवढा दबतो, कडा मोकळ्याच राहतात. वारा कडेनेच उचलतो. पत्रा एकदा उचकला की दगड घरंगळतो आणि खाली झोपलेल्या माणसावर पडतो. वळवाच्या दिवसांत अशा बातम्या दरवर्षी येतात, त्यात लहान लेकरं असतात. वाळूची पोती उन्हाने दोन उन्हाळ्यांत विरतात आणि वाळू पत्र्याच्या खोलगट भागात साठून पाणी अडवते, तिथे पत्रा सडतो.

पट्टी ओतायला पैसे नसतील तर दुसरा उपाय आहे, आणि तो चालू घरातही छप्पर न काढता करता येतो. प्रत्येक पाइपच्या टोकापासून लोखंडी पट्टी भिंतीच्या बाहेरून तीन फूट खाली आणायची. तिथे भिंतीला आरपार भोक पाडून बोल्ट टाकायचा, आतल्या बाजूला चार इंची प्लेट आणि नट. वरचं टोक पाइपला वेल्ड. छपराला मग तीन फूट भिंतीचं वजन मिळतं. नऊ इंची भिंत असेल तर ते मीटरला चारशे किलोच्या जवळ जातं. आधी चार कोपरे करा. पैसे आले की मधले.

---

विडी_घरकुल | रविवार, रात्री ८.१०

शेळगीकर दादा, तुमच्या आईसाठी लिहिते. मी पण विड्या वळते, कुंभारीच्या घरकुलात राहते.

भिजलेला पाला फेकू नका. कापायच्या आधी आपण पाला भिजवतोच, पाण्याने तो वाया जात नाही. पण ढीग करून ठेवला तर बुरशी धरते आणि काळा पडतो. आजच मोकळा करून सावलीत पसरा, उन्हात नको, कडक होऊन फाटतो. तंबाखू भिजली तर मात्र गेलीच. ती वेगळी ठेवा, टाकू नका. उद्या सकाळी विडी कारखान्याच्या शाखेत तशीच घेऊन जा आणि मुनीमला दाखवा, फोटोही दाखवा, आणि पुस्तकावर नोंद करून मागा. चार दिवसांनी सांगितलं तर तूट आपल्या मजुरीतून कापतात. एकटीने जाऊ नका, गल्लीत अजून कुणाचं भिजलं असेल तर दोघी-तिघी मिळून जा.

---

अशोक_चौक_यंत्रमाग | सोमवार, सकाळी ७.३०

आमच्या यंत्रमाग कारखान्याचे सिमेंटचे पत्रे गारांनी फुटले. आठ मागांपैकी तीन भिजले. बीमवरचं, म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळलेलं, सूत ओलं झालंय. कामगार म्हणतात मोटर पुसून चालू करून बघू. करावं का? आणि फुटलेले पत्रे आज उतरवून टाकायचा विचार आहे.

---

निवृत्त_लाइनमन | सोमवार, सकाळी ७.५०

मोटर अजिबात चालू करू नका. बाहेरून कोरडी दिसली तरी वाइंडिंगमध्ये ओल असते, चालू केली की जळेल, आणि बॉडीला करंट आला तर माणूस जाईल. मोटर उघडून सुकवा आणि मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या, मगच लाइन द्या. स्टार्टर आणि स्विचबोर्डही तसेच.

---

जुळे_सोलापूर_सिव्हिल | सोमवार, सकाळी ८.२०

सूतवाल्यांना मोटरचं उत्तर मिळालं. सूताबद्दल एवढंच: कांजी दिलेलं सूत बीमवर ओलं राहिलं की एकमेकांना चिकटतं आणि बुरशी धरतं, त्यामुळे ते उलगडून वाऱ्यावर सुकवणं जितकं लवकर होईल तितकं बरं. त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पत्र्यांबद्दल मात्र थांबा. जुना सिमेंट पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस. अखंड असताना तो फारसा त्रास देत नाही, पण तुटताना आणि कापताना जी बारीक धूळ उडते तिचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत, आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. म्हणून आधी पाणी मारून तुकडे ओले करा. ग्राइंडर लावू नका, वरून खाली फेकू नका. नाकावर साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ पेक्षा वरच्या दर्जाचा पी-१०० किंवा एफएफपी-३ मास्क बांधा. तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकच्या पोत्यात भरा. कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सिमेंटच्या पत्र्यावर कुणालाही थेट पाय ठेवू देऊ नका. पाऊस पडून गेल्यावर ते घसरतात आणि जुने पत्रे वजन न झेपून एकदम मधोमध फुटतात. गळती काढायला वर चढलेला माणूस पत्र्यातून थेट खालच्या मागावर पडतो. खाली लोखंडी अँगल आहे अशा रेषेवर लाकडी फळी टाका, त्या फळीवरूनच हालचाल करा, कमरेला दोर बांधा. जमलं तर खालून घोडी लावूनच काम करा.

---

होटगी_रोड_विमा | सोमवार, सकाळी १०.००

घराचा विमा आहे का, हे कुणीच विचारलं नाही म्हणून लिहितो. ज्यांनी गृहकर्ज घेतलंय त्यांनी कागद काढून बघा. कर्जासोबत घराचा विमा उतरवलेला असतो आणि घरात कुणालाच माहीत नसतं.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, पूर, वीज पडणे, भूकंप, आग हे सगळं येतं. घराच्या इमारतीचा विमा घेतला की आतल्या सामानाला वेगळं न सांगताही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. मोडतोड हलवण्याचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. मिळत नाही ते जुनाटपणाचं, म्हणजे गंजून सडलेला पत्रा गळला तर. त्यामुळे सर्व्हेअर बहुतेक वेळा गंज शोधतो. पाइपांचे आणि स्क्रूंचे जवळून फोटो ठेवा.

कंपनीला कळवल्याशिवाय छप्पर पुन्हा घालू नका. पाणी अडवण्यापुरती ताडपत्री मात्र लगेच टाका. नुकसान वाढू नये म्हणून काळजी घेणं तुमच्याकडूनच अपेक्षित असतं, आणि त्या ताडपत्रीची पावती जपून ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ हे तक्रारीचं पोर्टल, आणि त्यानंतर विमा लोकपाल. आपल्याला पुण्याचं कार्यालय जवळ.

---

साखर_पेठ | सोमवार, दुपारी २.४५

आम्ही भाड्याने राहतो. पत्रे उडाले. घरमालक म्हणतात, तुम्ही राहता, तुम्हीच घाला. काय करावं? भांडण नको आहे, माणूस वाईट नाही.

---

विजापूर_वेस | सोमवार, दुपारी ३.२०

ताई, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. भांडण न करता, साध्या भाषेत एक पत्र लिहा, छप्पर दुरुस्त करून द्या म्हणून, किमान १५ दिवसांची मुदत द्या, पोच घ्या. मुदतीत केलं नाही तर तुम्ही स्वतः करून घेऊन तो खर्च भाड्यातून वळता करू शकता. मर्यादा अशी की एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. पावत्या पक्क्या घ्या.

पण पत्राआधी एकदा समोर बसून बोला. निम्मं तुम्ही आत्ता घालता आणि भाड्यात वळतं करता, असं लिहून घेतलं तर बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो. सामानाच्या नुकसानीच्या पंचनाम्यात मात्र तुमचं नाव वेगळं येऊ द्या. कपडे आणि भांडी गेली तर त्याची मदत राहणाऱ्या कुटुंबाला असते, घरमालकाला नाही.

---

शेळगीकर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

सगळ्यांचं वाचून मेस्त्रींना घेऊन बसलो. अण्णांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. आधी म्हणाले, हे कुणी करत नाही. मग त्या विटा चिकटलेल्या पाइपजवळ नेलं. बराच वेळ पाइप हातात धरून बघत राहिले आणि म्हणाले, पट्टी टाकू.

पंचनामा आज झाला. भिंतीच्या विटा आणि तडा दोन्ही लिहून घेतलं, वाचून सही केली. आईची तंबाखू शाखेत दाखवली, नोंद केली त्यांनी.

ढिल्या विटा उतरवल्या, सळया बांधून झाल्या, रॉड उभे केलेत. पट्टी परवा ओतायची. ऊन बेचाळीसच्या पुढे आहे. मेस्त्री म्हणतात तीन दिवस पाणी मारून चौथ्या दिवशी पाइप बसवू, पाऊस येतोय. सर, चालेल का?

---

जुळे_सोलापूर_सिव्हिल | मंगळवार, रात्री ८.१५

नाही चालणार. छप्पर तुम्ही ज्या रॉडला बांधणार आहात तो रॉड त्या काँक्रीटनेच धरायचा आहे. तिथेच घाई केली तर एवढी मेहनत फुकट जाईल.

तुम्ही आणलेल्या गोणीवर ‘पीपीसी’, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असं लिहिलंय का बघा. आजकाल दुकानात बहुतेक तेच मिळतं. कोरड्या, कडक उन्हात अशा सिमेंटला १४ दिवस ओल ठेवायला भारतीय मानक सांगतं. ‘ओपीसी’, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, असेल तर १०. सोलापूरच्या मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारून काही होत नाही, तासाभरात पट्टी पांढरी पडते. ओतायचं काम दुपारी चार नंतर सुरू करा. रात्री वर गोणपाट टाका, सकाळी भिजवा आणि दिवसभर ते वाळू देऊ नका. गोणपाटावर प्लास्टिक अंथरलं तर पाणी टिकतं, तुमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येत असेल तर ते कराच.

पाइप १० दिवसांनंतर हलक्या हाताने बसवायला हरकत नाही, पण नट पूर्ण आवळणं आणि पत्रा चढवणं १४ नंतर. तोवर ताडपत्री पट्टीला बांधू नका, बाहेर खुंट्या ठोकून बांधा, म्हणजे वारा आला तरी ओढ ओल्या काँक्रीटवर येणार नाही. आणि रॉडच्या आट्यांना आत्ताच ग्रीस लावून वर प्लास्टिक गुंडाळा, ओतताना त्यात सिमेंट गेलं तर नट चढत नाही.

---

फॅब्रिकेशन_अण्णा | मंगळवार, रात्री ८.४०

आणि ओतायच्या आधी दोन रॉडमधलं अंतर पाइपच्या प्लेटवर मोजून बघा. प्लेट आधी करून घ्या, भोकं पाडून, आणि ती प्लेटच रॉडवर अडकवून ठेवून ओता. काँक्रीट ओतताना रॉड हलतात, मग नंतर भोकं जुळत नाहीत आणि मेस्त्री रॉड वाकवतात. वाकवलेला रॉड तिथेच कमजोर होतो. लागलं तर प्लेटा मी करून देतो, अक्कलकोट रोडला या, पाइपचं माप घेऊन.